डाव्या बाजूची जागा

गेल्या वर्षी वर्षावासाच्या तीन महिन्यांत मी एक गोष्ट घरच्यांपासून लपवून ठेवली होती. रोज संध्याकाळी गारखेड्यातल्या आमच्या विहारात, मांडी घालता येत नाही म्हणून खुर्चीवर बसून, मी पंचशील म्हणत होते. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, हे इतर बायकांच्या आवाजात आवाज मिसळून मीही म्हणत होते, आणि घरी आल्यावर तेच खोटं पुन्हा पदराखाली झाकून ठेवत होते. आजही हे लिहिताना हात अडखळतो. पण ज्यांच्यामुळं मी त्यातून बाहेर आले, त्या माणसांविषयी कुठंतरी लिहून ठेवावं असं फार दिवसांपासून मनात आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवत होते. निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिली असताना माझं अक्षर बारीक होऊ लागलं. ओळीच्या सुरुवातीला ठसठशीत असलेलं अक्षर शेवटाला जाईपर्यंत मुंगीएवढं व्हायचं. चौथीतल्या एका मुलीनं विचारलंसुद्धा, "बाई, तुमची सही रोज बारीक कामून व्हायली?" मी हसून वेळ मारून नेली. मग उजवा हात थरथरू लागला, एक पाय ओढल्यासारखा पडू लागला. मेंदूविकारांच्या डॉक्टर मॅडमनी मला चालून दाखवायला लावलं, बोटं एकमेकांवर आपटायला लावली, आणि शांतपणे सांगितलं की हा पार्किन्सन आहे. मेंदूतल्या डोपामिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी हळूहळू कमी होत जातात. ती उणीव गोळीनं भरून काढायची. पूर्ण बरा होणारा हा आजार नाही, पण बरीच वर्षं सांभाळता येतो, असं त्या म्हणाल्या.

आणि खरंच, गोळी सुरू झाली तसं महिन्याभरात मी पुन्हा पोळ्या लाटू लागले. त्या एवढ्याशा गोळीचं मला फार अप्रूप वाटायचं. आमचे हे चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांनी गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून कारखान्यातल्या पाळ्यांसारख्या भिंतीवर चिकटवल्या. चार-पाच वर्षं अशी सुखानं गेली. मग गोळीचा अंमल टिकेना. आठची गोळी बारापर्यंत पुरायची, ती अकरापर्यंत, पुढं दहापर्यंतच पुरू लागली. अंमल उतरला की मी खुर्चीत दगडासारखी व्हायची. चढला की मान आणि खांदे आपोआप डोलायचे, कुणीतरी दोरी ओढत असल्यासारखे. डाळ किंवा दूध गोळीच्या वेळेला लागून घेतलं तर गोळी लागूच पडत नसे, म्हणून जेवणसुद्धा घड्याळावर आलं. डॉक्टर मॅडमनी आणखी दोन प्रकारच्या गोळ्या जोडल्या. त्यांनी बरं वाटलं. आणि त्यानंतर काही महिन्यांनी ती आली.

दुपारची वेळ होती. मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसले होते. घरात कुणी नव्हतं. डाव्या बाजूला, खांद्याच्या जरा मागं, कुणीतरी येऊन उभं राहिल्याचं मला जाणवलं. आवाज नाही, सावली नाही. आपण पाठमोरे असताना घरचं माणूस खोलीत आलं की मान न वळवताही कळतं ना, तसं कळलं. वळून पाहिलं तर कुणी नव्हतं. पुन्हा ताटाकडं पाहिलं, तर ती होती. ती, असंच माझ्या मनात आलं. माझी आई.

आईला जाऊन वीस वर्षं झाली होती. ती बांधकामावर घमेली उचलायची. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण सगळी वंदना पाठ होती, ऐकून ऐकून शिकलेली, दोन-चार शब्द स्वतःच्या जिभेला सोयीचे करून घेतलेले. पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून ती विहारात सगळ्यांच्या मागं, भिंतीला टेकून बसायची आणि मला स्वतःच्या उजव्या हाताला बसवायची. त्यामुळं डाव्या बाजूला कुणी आहे म्हटल्यावर मला दुसरं कुणी सुचलंच नाही. त्या दिवसापासून ती वरचेवर येऊ लागली. कधी बोलली नाही. एकदा नजरेच्या कडेला पांढरा पदर हलल्यासारखा वाटला, तेवढंच. मला भीती वाटत नव्हती. उलट अंग आखडून बसलेल्या त्या दुपारी तिच्यामुळं सुसह्य व्हायच्या. कोचावर मी थोडी उजवीकडं सरकून तिला जागा करू लागले. ह्यांच्या ते लक्षात आलं. "सरकायलीस कुठं?" त्यांनी विचारलं. "काही नाही, पाय अवघडला," मी म्हणाले. तिथून खोट्याला सुरुवात झाली.

का लपवलं, हे सांगणं सोपं नाही. आमचं घर धर्मांतराच्या चळवळीतलं. माझ्या जन्माच्या आधीच वडिलांनी देव्हारा रिकामा केलेला. अंगात येणं, भूतखेत, मेलेलं माणूस दिसणं, असं कुणी बोलू लागलं की वडील म्हणायचे, "हे आपण मागं टाकून आलोत. परत घरात आणू नका." त्यांच्या मुलीनं, शाळेत मुलांना डोळे उघडे ठेवायला शिकवणाऱ्या बाईनं, मेलेली आई शेजारी बसते म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं? लोक वेडी म्हणतील ही भीती होतीच. आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत मोठी भीती वेगळीच होती. सांगितलं तर ती जाईल, अशी.

त्याच सुमारास डॉक्टर मॅडमनी शस्त्रक्रियेचा विषय काढला. ह्यांना आणि आमच्या मुलीला, प्रज्ञाला, समोर बसवून त्यांनी रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर डोकं काढलं. कवटीला लहानशी छिद्रं पाडून मेंदूत खोलवर दोन बारीक तारा ठेवायच्या, आणि छातीच्या कातडीखाली बसवलेल्या छोट्या यंत्रातून त्यांना हलका विद्युतप्रवाह द्यायचा. ह्यांनी मान वाकडी करून चित्र पाहिलं. "म्हंजे मशीन वेडीवाकडी थरथराय लागली की तिला ठेक्यावर आणायचं. व्हय ना?" मॅडम हसल्या. "अगदी तसंच, काका. मशीन नवी होत नाही. पण चालते नीट."

मी विचारलं, डोक्याला हात न लावता दुसरं काही नाही का? त्यांनी घाई न करता सगळं सांगितलं. दिवसभर थेंब थेंब औषध कातडीखाली सोडणारे पंप आता आलेत. ते कंबरेला लावून माणूस हिंडूफिरू शकतो. कवटी न उघडता ध्वनिलहरी एका ठिपक्यावर रोखून कंप थांबवण्याची पद्धत आहे, पण माझ्या त्रासाला ती पुरी पडणार नाही. मेंदूतले संकेत ऐकून स्वतःच प्रवाह कमी-जास्त करणारी नवी यंत्रं येऊ लागलीत. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी मेंदूत रुजवण्याचेही प्रयोग चाललेत. "पण ते अजून प्रयोगच आहेत, काकू. कुणी जाहिरात करून बोलावलं तर आधी मला विचारा." मला त्या बाईंचं फार कौतुक वाटलं. जे आहे ते आहे आणि जे नाही ते नाही, इतकं स्पष्ट बोलणारं माणूस आजारात भेटायला भाग्य लागतं. जगात कुठं कुठं माणसं मान मोडून बसलीत, माझ्यासारख्या कुणा अनोळखी बाईचा हात थांबावा म्हणून, ह्या विचारानं त्या दिवशी मला भरून आलं.

शस्त्रक्रियेआधी तपासण्या होत्या. त्यांना पंधरा दिवस राहिले असताना मी पडले. आमच्या इमारतीच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर माझे पाय जमिनीला चिकटले. हे पुढं रिक्षा थांबवायला गेले होते. ती डावीकडं होती. मला एवढी खात्री होती, की मी तिचा हात धरायला हात पुढं केला, सगळा भार टाकला, आणि तिथं काहीच नव्हतं. कपाळाला चार टाके पडले. "चप्पल सटकली," मी ह्यांना सांगितलं. त्यांनी ती चप्पल त्याच दिवशी फेकून दिली. नवी होती. ते पाहूनही मी तोंड उघडलं नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळच्या गोळ्या न घेता यायला सांगितलं होतं. औषधाविना शरीर कसं आहे आणि औषधानंतर कसं होतं, दोन्ही त्यांना पाहायचं होतं. चाकाच्या खुर्चीवर बसून मी गेले. आकडे लक्षात ठेवायला लावले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. मग औषध देऊन परत तेच. त्यानंतर बाहेरच्या दालनात बसून भरायला दोन पानांचा कागद दिला. प्रज्ञा स्कॅनचा रिपोर्ट आणायला गेली, हे चहा आणायला गेले. मी एकेक प्रश्न वाचत खुणा करत चालले. दुसऱ्या पानावर तो प्रश्न होता. इतरांना दिसत नाहीत अशी माणसं किंवा प्राणी तुम्हाला दिसतात का, जवळ कुणी असल्याचा भास होतो का? मी फार वेळ घेतला नाही. "नाही"वर खूण केली. कपाळावरचा टाक्यांचा व्रण तेव्हा हुळहुळला.

शेजारच्या बाकावर एक वयस्कर जोडपं बसलं होतं. ते गृहस्थ सत्तरीचे, डोक्यावर जाळीची टोपी, दोन्ही हात मांडीवर थरथरत होते. बाई बुटक्या, बोलायला खणखणीत. त्यांनी आपला कागद माझ्यापुढं केला. "बाई, तुम्ही पढेलिखे दिसतेत. हम दोनोंकु उर्दूच आती. इनका जरा पढके भर देव ना." ते खुलताबादचे बशीरभाई, दर्ग्याच्या वाटेवर त्यांचं फुलांचं आणि चादरींचं दुकान, आणि ह्या त्यांच्या नूरबी, अशी ओळखही त्यांनीच करून दिली. मी शाळेत शिकवत होते, हे मीही सांगितलं. हातांनी गजरा ओवणं जमेनासं झालं तेव्हा बशीरभाईंना आजार कळला होता.

मी वाचू लागले. माझा आवाज आजारानं बारीक झालाय, म्हणून दोघं माझ्याकडं वाकून ऐकत होते. झोप कशी लागते, गिळायला त्रास होतो का, बद्धकोष्ठ आहे का. बशीरभाई हळूहळू उत्तरं देत होते, मी खुणा करत होते. आणि मग दुसरं पान आलं. जो प्रश्न मी नुसत्या डोळ्यांनी ओलांडून गेले होते, तो आता मला तोंडानं वाचायचा होता. मी पेनाचं टोक त्या ओळीवर टेकवून थांबले.

"क्या पूछरे?" नूरबींनी विचारलं.

मी वाचला. हळू, सगळा वाचला.

बशीरभाईंनी क्षणभरही विचार केला नाही. "दिखती ना. बिल्ली दिखती. खिडकी में बैठती, सफेद." मग माझ्याकडं पाहून हसले. "मैं उसकु दूध नहीं देता, बाई. मालूम है मेरेकु, नहीं है वो."

"तुम्हाला भीती नाही वाटत सांगायची?" माझ्या तोंडून निघून गेलं. "डॉक्टरांनी ऑपरेशन नाही म्हटलं तर?"

उत्तर नूरबींनी दिलं. "डाक्टर से क्या छुपाना, बाई? बीमारी हमारी, दवा उसकी. बीच में झूट किसका रखें?"

मी त्यांच्या कागदावर "होय"वर खूण केली. माझ्याच हातानं. एका मांडीवर त्यांचा कागद, दुसऱ्या मांडीवर माझा. एकावर "होय", एकावर "नाही". इतकी वर्षं मी मुलांच्या वह्या तपासल्या, खरं उत्तर आणि खोटं उत्तर शेजारी ठेवून पाहिलं. असं कधी पाहिलं नव्हतं. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, मी हजारो वेळा म्हटलं असेन. त्या दिवशी ते मला कुणीतरी, दुकान बंद करून तपासणीला आलेल्या माणसाच्या तोंडून, ऐकवलं, असं मला वाटलं. कुणी ऐकवलं, हे मी सांगू शकत नाही. मी माझी खूण खोडली. दोनदा, कागद फाटेल इतकी.

आत गेल्यावर मॅडमनी कागद पाहिला, ती खोडलेली जागा पाहिली आणि पेन खाली ठेवलं. "सांगा, काकू." मी सगळं सांगितलं. हे आणि प्रज्ञा दोघंही तिथंच होते. प्रज्ञानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. हे किती तरी वेळ जमिनीकडं पाहत राहिले, मग म्हणाले, "कोण असतं?"

"आई."

"मग पडलीस त्या दिवशी..."

"तिचा हात धरायला गेले."

त्यांचे डोळे भरून आले. चाळीस वर्षांत मी त्यांना दोनदा रडताना पाहिलंय, त्यातली ही एक वेळ.

मॅडम खुर्ची माझ्या जवळ घेऊन बसल्या. "हे वेड नाही, काकू. ह्या आजारात आणि ह्या औषधांनी असं अनेकांना होतं. लोक सांगत नाहीत. मीच आधी खोदून विचारायला हवं होतं, ते राहिलं." शस्त्रक्रिया लगेच करणार नाही, असंही त्यांनी सांगितलं. हे न कळता केली असती तर नंतर मन फार गोंधळलं असतं. आधी त्या जोडलेल्या गोळ्या एकेक करून कमी करायच्या. भास थांबले, मन स्वच्छ राहिलं, तरच पुढं. माझी भीती खरी ठरली होती, शस्त्रक्रिया लांबणीवर गेली होती, आणि तरी बाहेर येताना छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं मला हलकं वाटत होतं. दालनात बशीरभाई नव्हते. त्यांना दुसऱ्या खोलीत बोलावलं होतं.

पुढचे आठवडे कठीण गेले. गोळ्या कमी झाल्या तसं शरीर आखडलं. कूस बदलायला ह्यांची मदत लागायची. ह्यांनी भिंतीवरचा कागद किती वेळा बदलला, गणतीच नाही. ते कधी चिडले नाहीत. आणि एक संध्याकाळ अशी आली की विहारात वंदना चालू असताना मी सवयीनं डाव्या बाजूला जागा करायला सरकले, आणि मला कळलं की आता तिथं कुणी नाही. तिथं नुसती भिंत होती. मेणबत्त्या तेवत होत्या, बायका म्हणत होत्या. मी तोंडावर पदर धरून रडले. जे मुळात नव्हतं त्याच्यासाठी माणूस रडू शकतं का? मी रडले खरी. शेजारच्या बाईंना वाटलं आजारानं रडतेय. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि पुढचे शब्द माझ्या वाट्याचेही मोठ्यानं म्हटले.

मन स्वच्छ राहिलं. पुन्हा तपासण्या झाल्या आणि शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. डोक्याला एक चौकट घट्ट बसवतात आणि मधल्या काळात रुग्णाला जागं ठेवतात, हे आधीच सांगितलं होतं, तरी टेबलावर पडल्यावर माझं धैर्य गळालं. पूर्वीची वेळ असती तर आई शेजारी असती, असं मनात आलं. तेवढ्यात डाव्या हातात कुणाचा तरी हात आला. हातमोजा घातलेला, उबदार. "बाई, मूठ उघडा, मिटा. पुन्हा उघडा," एका बाईचा आवाज म्हणत होता. तोंडावर मास्क, मला मान हलवता येत नव्हती, चेहरा दिसला नाही. डॉक्टर आपसांत हळू आवाजात बोलत होते, यंत्रातून पाऊस पत्र्यावर पडावा तसा आवाज येत होता. तो माझ्याच मेंदूतल्या पेशींचा आवाज, असं त्या बाईंनी सांगितलं. मग कुणीतरी म्हणालं, "आता देतोय," आणि माझा उजवा हात थांबला.

इतक्या वर्षांत तो हात जागेपणी असा निवांत पडलेला मी पाहिला नव्हता. थरथर कमी-जास्त व्हायची, पण ती थांबली अशी ही पहिलीच वेळ. मी मूठ उघडली, मिटली. भोवती सात-आठ माणसं असतील. दिवसभर उभी, कुणी घोटभर पाणीही न पिता, एका तारेची जागा केसाएवढीही चुकू नये म्हणून श्वास रोखून काम करणारी. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि हलता येत नव्हतं. डावा हात धरणाऱ्या त्या बाई कोण, मला अजूनही माहीत नाही. नंतर चौकशी केली. तिथं त्या दिवशी तिघीजणी होत्या, आणि तिघींनीही "मी नव्हते" असं हसून सांगितलं. कामाच्या गडबडीत कुणाच्या लक्षात राहणार? मी त्यावर आणखी विचार करायचं सोडून दिलं. हात होता, एवढं खरं आहे.

काही आठवड्यांनी यंत्र सुरू केलं. डॉक्टर मॅडम हातातल्या पाटीसारख्या पडद्यावर बोट फिरवायच्या आणि माझं शरीर सैल पडायचं. एकदा जास्त झालं तर जीभ जड झाली, लगेच त्यांनी कमी केलं. असं चार-पाच वेळा बसून त्यांनी मला मापात बसवलं, शिंपी कपडा अंगावर घालून पाहतो तसं. गोळ्या निम्म्यावर आल्या. आवाज बारीक तो बारीकच राहिला, आणि आजार आपल्या वाटेनं पुढं जाणारच आहे, हे मला ठाऊक आहे. पण मी पुन्हा माझ्या हातानं भाकरी थापते, आणि ह्यांना पहिली भाकरी वाढते.

चालता येऊ लागल्यावर मी ह्यांना म्हणाले, मला खुलताबादला न्या. दर्ग्याच्या वाटेवर तीन दुकानांत विचारल्यावर बशीरभाई सापडले. नूरबी पुढं बसून फुलं ओवत होत्या, बशीरभाई मागं भिंतीला टेकून. "अरे, मास्तरनीबाई!" नूरबींनी मला ओळखलं. मी नमस्कार केला. काय बोलायचं ते घरून ठरवून आणलं होतं, ते सगळं विसरले. मी फक्त म्हणाले, "भाई, तुमच्यामुळं मी त्या दिवशी खरं सांगितलं."

त्यांना काही आठवत नव्हतं. "मैं क्या बोला?"

मी ऑपरेशनबद्दल विचारलं. त्यांनी मान हलवली. "मेरेकु नक्को बोले. याददाश्त कम हुई बोले, इस वास्ते." खरं ज्यांनी मला शिकवलं त्यांना नकार, आणि खोटं लिहून बसलेल्या मला सगळं. "वाईट वाटलं असेल," मी कसंबसं म्हणाले.

"लगा ना. दो दिन खाना नहीं खाया इनोंने," नूरबी म्हणाल्या. "मगर दवा बदलके दिये. अब सुकून से सोते. डाक्टरनी अच्छी है."

बशीरभाई खिडकीकडं पाहत होते. "बिल्ली गई, बाई," ते म्हणाले. "अच्छाच हुआ. पर खिडकी सूनी लगती."

"मलाही तसंच वाटतं, भाई," मी म्हणाले. माझं काय गेलं, ते त्यांनी विचारलं नाही. ह्या एका दुःखाबद्दल मला जगात दुसऱ्या कुणाशी बोलता आलं नसतं.

दुपारच्या नमाजाची वेळ झाली तसे ते भिंत धरून उठले. दुकानाच्या उंबऱ्याशी आले आणि पाय चिकटले. मला ते दुरूनच ओळखू आलं. कंबरेपासून वर शरीर पुढं झुकलेलं, पावलं जागच्या जागी थरथरणारी. "चलो ना जी, चलो," नूरबी मागून म्हणाल्या. घाई केली की पाय आणखी घट्ट होतात, हे ज्याचं त्यालाच कळतं. आमच्या व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलं होतं, समोर एक आडवी रेघ असली की पाय ती ओलांडायला उचलतो. तिथं रेघ मारायला काही नव्हतं. मी पुढं झाले आणि माझं पाऊल त्यांच्या पावलांसमोर आडवं ठेवलं.

"भाई, माझ्या पायावरून पाय टाका."

ते दचकले. "तौबा! तुमच्या पायावरनं? एक तो औरत, ऊपरसे मास्तरनी. नक्को, नक्को."

"मास्तरीण आहे म्हणूनच सांगतेय. टाका."

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग खाली माझ्या पायाकडं पाहिलं, ओठांत काहीतरी पुटपुटले आणि पाऊल उचललं. माझ्या पायावरून, जराही धक्का न लागता, ते पलीकडं गेले. दुसरं पाऊल पडलं, तिसरं पडलं, आणि वाट सुटल्यासारखे ते रस्त्यानं चालू लागले.

त्रिशरण म्हणताना शरण हा शब्द मी लहानपणापासून उच्चारत आलेय. आता मला तो एवढाच कळतो, की आपलं जे असेल ते खरेपणानं समोर ठेवावं आणि मिळेल त्या आधारावर निःशंक पाऊल टाकावं. मग तो आधार कुणाच्या हातून येवो, तारेतून येवो, गोळीतून येवो, की नकारातून येवो. बशीरभाई वळणावर दिसेनासे झाले, तोवर मी उंबऱ्यात उभी होते. नूरबींनी न बोलता मूठभर गुलाब माझ्या ओंजळीत घातले, आणि ओंजळ स्थिर होती.